चित्रकलेचा रिकामा तास आणि सिनेमाचं धोरण

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री
आणि
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

एका पत्रावर दोन खात्यांची नावं घालू नयेत, आवक-जावकला घोळ होतो, असं आमच्या शाळेच्या लिपिकांनी मला बजावलं. त्यांचं बरोबरच असेल. पण माझं म्हणणं नेमकं या दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडलेलं आहे. एकाकडे गेले तर दुसऱ्याचा पत्ता मिळेल, एवढं सरकारी कामकाज मलाही कळतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत चित्रकला शिकवते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. राज्य सरकारनं 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. या पोरांना करता येईल असं काहीतरी शेवटी सरकारच्या कागदावर आलं, असं वाटलं. त्याच सुमारास ओळखीच्या एका शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. आता तिथे चित्रकलेच्या तासाला ज्याला मोकळा तास असेल तो जाऊन बसतो आणि गणिताचे राहिलेले धडे पुरे करतो.

ॲनिमेशन करणाऱ्याला आधी माणसाचा हात काढता यावा लागतो. मूठ वळलेली, मग उघडलेली, मग काहीतरी धरलेली. सॉफ्टवेअर त्यानंतर. तो हात काढायला शिकवणारा माणूस शाळेतून जाऊ द्यायचा आणि त्याच हाताच्या भरवशावर राज्यात उद्योग आणायचा, ही दोन्ही कामं एकाच सरकारची आहेत. म्हणून हे पत्र.

मी नवीन काही मागते आहे असंही नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराच्या वर मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर याच्या पुढे जातं. इतर विषयही कलेच्या अंगानं शिकवा म्हणतं. वाचायला फार सुंदर. पण कलेच्या अंगानं भूगोल शिकवायला आधी शाळेत कलेचं अंग असलेला एक तरी माणूस लागतो. मी पाहते ते असं : एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका झालेला तरुण मानधनावर येतो, वर्षातले मोजके महिने येतो, मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून सोडतो आणि लग्नाच्या हॉलमागचे पडदे रंगवायला लागतो. तिथे निदान रोख मिळतात.

आणि धोरणाला ताकद नसते असं कुणी म्हणू नये. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. दहावीला इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात. ‘अ’ला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. एवढ्याशा आकड्यांनी काय केलं? जे पालक ‘बाई, चित्रं काढून पोट भरतं का’ म्हणायचे, तेच आता जूनमध्ये येऊन विचारतात, ‘इंटरमिजिएटचा फॉर्म कधी?’ सात गुणांनी आमच्या पेठेतली रंगपेट्यांची विक्री बदलली. त्यात हावरेपणा आहे, मला माहीत आहे. स्थिरचित्र आणि संकल्पचित्राचे ठरावीक नमुने पाठ करून येणारी मुलंही मी पाहिली आहेत. तरीही त्या निमित्तानं ती निदान तासभर एका तांब्याकडे बघत बसतात, त्याची सावली कुठे पडते ते शोधतात. गंमत अशी की ही परीक्षा घेणारं कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं, गुण देणारं मंडळ शालेय शिक्षणाचं आणि चित्रपट सांस्कृतिक कार्याकडे. म्हणजे खाती खरं तर तीन झाली. तिसऱ्यांना मी या पत्रात घेतलेलं नाही, लिपिकांना आणखी त्रास नको.

आपल्याकडे सिनेमा आला कुठून, ते बघा. दादासाहेब फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. एक सरकारी कलाशाळा, दुसरी संस्थानाच्या आश्रयाची. 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो या शिक्षणानंतर. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचं तर आडनावच ब्रशानं दिलेलं. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस कॅमेरा घरी बनवतो आणि चित्रपट कंपनी काढतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचे भागीदार झाले. त्यांच्या ‘संत तुकाराम’ची दखल 1937 मध्ये व्हेनिसला घेतली गेली. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. सगळे ब्रशवाले. मराठी सिनेमाचं पहिलं घर पटकथेच्या वहीत कमी आणि रंगाच्या डब्यात जास्त सापडतं, आणि मी चित्रकलेची बाई आहे म्हणून हे बोलते असं समजायचं तर खुशाल समजा.

शिक्षण आणि सिनेमा यांचं नातं स्वातंत्र्यानंतर तर दिल्लीनंच मान्य केलं होतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. पुस्तक लिहिणारे साने गुरुजी शिक्षक, चित्रपट काढणारे अत्रेही पूर्वाश्रमीचे मुख्याध्यापक. 1955 मध्ये मुलांच्या चित्रपटांसाठी बालचित्र समिती निघाली. 1960 मध्ये पुण्यात ‘प्रभात’च्याच आवारात चित्रपट शिक्षणाची संस्था आली, 1964 मध्ये चित्रपट संग्रहालय. चित्रपटाला कर्ज देणारं महामंडळही 1960 चंच. चित्रपट व्यवसायाच्या एका चौकशी समितीनं 1951 मध्ये अहवाल दिला आणि दहा-पंधरा वर्षांत एवढं उभं राहिलं. त्या समितीचे अध्यक्ष स. का. पाटील होते, आपल्याच सिंधुदुर्गाकडचे.

आमच्या पिढीला रांगेनं टॉकीजला नेऊन बालचित्रपट दाखवले जात. डबा, पाण्याची बाटली, पुढे एक सर, मागे एक बाई. पडदा उघडला की सगळी शाळा एकदम ओरडायची. त्या बालचित्र समितीचं 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झालं. माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन, संग्रहालय आणि महोत्सव संचालनालयही त्यातच गेलं. खर्च वाचला असेल. पण मुलांच्या सिनेमासाठी म्हणून एक वेगळं दार होतं, त्यावरची पाटी गेली. आता सहल काढायची तर वॉटर पार्क.

आता तिकिटाकडे येते.

2017 च्या 1 जुलैपर्यंत महाराष्ट्रात चित्रपटांवर 45 टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता आणि मराठी चित्रपटाला तो माफ होता. म्हणजे एकाच टॉकीजमध्ये, त्याच खुर्चीत बसून मराठी सिनेमा स्वस्तात बघता यायचा. जीएसटी आला आणि हा फरक एका रात्रीत पुसला गेला. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळे एका दरात. पण तोवर गणित आधीच बदललेलं होतं. 2001 च्या सुमारास मल्टिप्लेक्सना सरकारनं करमणूक करात भरघोस सवलत दिली. सुरुवातीची वर्षं पूर्ण माफी, नंतर टप्प्याटप्प्यानं. एक पडदा असलेल्या जुन्या टॉकीजला मात्र कर भरायचाच होता. मॉलमधला काचेचा पडदा वाढला आणि पेठेतली टॉकीज वाळत गेली, त्याला लोकांची बदललेली आवड कारण होती हे खरं, पण एवढंच कारण होतं हे खोटं. कर कुणाला माफ होतो यावर कुठलं थिएटर जगतं हे ठरलं.

सोलापूर ही कधीकाळी टॉकीजची नगरी होती, हे जुन्या माणसांना सांगायला नको. गिरणीचा भोंगा, पाळी सुटली की तिकीटखिडकी, मॅटिनीला बाया-बापड्यांची गर्दी. गिरण्या गेल्या तशा टॉकीजही एकेक करत गेल्या. राहिलेल्या कशाबशा चालतात. आणि दिवसभर हजार विड्या वळून बाईच्या हातात जे पडतं, त्यात चौघांची मल्टिप्लेक्सची तिकिटं बसत नाहीत. मग पोरगं सिनेमा मोबाइलवर बघतं, आडवा धरून, जाहिराती ओलांडत, कुणीतरी चोरून टाकलेला.

2015 मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट संध्याकाळी 6 ते 9 दाखवावा असा आदेश निघाला. त्यावर गदारोळ झाला आणि दोन-तीन दिवसांत वेळ दुपारी 12 ते रात्री 9 झाली. कामगाराला दुपारी बारा काय आणि सकाळी नऊ काय, सारखेच. पण समजा सहाचा खेळ मिळाला असता, तरी त्या खुर्चीत बसायला येणार कोण? मराठी चित्रपट बघायची सवय लागायला वय लागतं, आणि ते वय शाळेचं असतं. सांस्कृतिक कार्य खात्यानं चित्रपटाला अनुदान दिलं, ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख. निर्मात्याला हात मिळाला. प्रेक्षक तयार करण्याचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नाही. अनुदान घेतलेला एखादा चित्रपट जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचलेला मी तरी पाहिलेला नाही.

दुसरीकडे काय करतात हे सांगायला बाहेरचा दाखला देणं भाग आहे. फ्रान्समध्ये 1994 पासून प्राथमिक शाळांसाठी एक योजना आहे. वर्ग शाळेच्या वेळात, शिक्षकासह, गावातल्याच थिएटरात वर्षाला तीन चित्रपट बघतो, तेही सवलतीत. परत आल्यावर त्यावर बोलतो, चित्रं काढतो. थिएटरला सकाळच्या रिकाम्या वेळेचे पैसे मिळतात, मुलाला सिनेमा. तिथे 1946 पासून एक राष्ट्रीय केंद्र तिकिटातला काही वाटा वेगळा काढून तो पुन्हा चित्रपटांकडे वळवतं. फ्रान्स श्रीमंत आहे म्हणाल, म्हणून इराण सांगते. 1965 मध्ये तिथे मुलांच्या ग्रंथालयांसाठी एक सरकारी संस्था निघाली, लोक तिला ‘कानून’ म्हणतात. पाच वर्षांत तिनं चित्रपट विभाग काढला आणि अब्बास किआरोस्तामी नावाच्या, चित्रकला शिकलेल्या, जाहिराती आणि पोस्टर करणाऱ्या माणसाला कामाला लावलं. 1970 चा त्याचा पहिला लघुपट म्हणजे पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि वाटेत अडवणारा कुत्रा. बस, एवढंच. पुढे 1987 मध्ये त्याच संस्थेनं त्याचा जो चित्रपट काढला, त्यात शाळकरी मुलगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला दुसऱ्या गावी धावतो, कारण वही नसेल तर गुरुजी मित्राला शाळेतून काढणार. गृहपाठाची वही! जगानं तो चित्रपट डोक्यावर घेतला. मध्ये एक आख्खी क्रांती होऊन राजवट बदलली, तरी मुलांसाठीची ती संस्था चालू राहिली.

त्याच इराणची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सरकारी मदतीची भाट ठरेन. जाफर पनाही या दिग्दर्शकावर 2010 मध्ये चित्रपट काढायला वीस वर्षांची बंदी घातली ती त्याच देशानं. पैसा देणाऱ्याला कात्रीही हवीशी वाटते. आपल्याकडे 2021 मध्ये चित्रपट प्रमाणपत्राचं अपील ऐकणारं न्यायाधिकरण बंद केलं, तेव्हापासून सेन्सॉरशी पटलं नाही तर उच्च न्यायालय गाठावं लागतं. बड्या निर्मात्याला वकील असतो. माझ्या वर्गातून उद्या कुणी चित्रपट काढला, तर त्याला कोण? म्हणून माझी मागणी चित्रपटांना आणखी पैसे द्या अशी नाहीच. मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि डोळ्यांपुढे पडदा. काय काढायचं ते त्याचं तो बघेल.

सरकारशिवायही होतं की, असं कुणी म्हणेल. नागराज मंजुळेंकडे बोट दाखवेल. जेऊर आमच्याच जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. ‘सैराट’चं चित्रीकरण झालं तेव्हा अर्धा जिल्हा बघायला गेला होता. पण त्यांचा पहिला लघुपट ‘पिस्तुल्या’ बनला तो अहमदनगरच्या एका महाविद्यालयात संज्ञापन शिकताना. गोष्टही शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाची. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, एका जिल्ह्याच्या गावात तो अभ्यासक्रम मंजूर केला होता, कॅमेरा विकत घेतला होता, शिकवणारा माणूस नेमला होता. त्या फायलीवर सही करणाऱ्याला आपण काय मंजूर करतोय याची कल्पना नसेल. जब्बार पटेल सोलापुरात शिकले, अतुल कुलकर्णी इथल्या हौशी रंगभूमीवर उभे राहिले. त्या काळी शाळांत स्नेहसंमेलनाची नाटकं मनापासून बसवायला वेळ आणि शिक्षक, दोन्ही होते.

भाषेचंही एक सांगते. 2025 च्या एप्रिल ते जून पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर महाराष्ट्र पेटला होता. शासन निर्णय निघाला, बदलला, मग मागे घेतला गेला. आमच्या पूर्व भागात मात्र पहिलीतलं पोर हिंदी बोलतच शाळेत येतं. कुणी शिकवली? टीव्हीवरच्या हिंदीत डब केलेल्या तेलुगू सिनेमांनी! घरात तेलुगू बोलणारं मूल तेलुगू नायकाला हिंदीत ऐकतं आणि मराठी शाळेत येऊन मला संवाद म्हणून दाखवतं. भाषा शिकवायची ताकद पडद्यात किती आहे हे यावरून कळावं. ती ताकद मराठीसाठी वापरायचं मात्र कुणाला सुचत नाही. अभिजात भाषेचा दर्जा 2024 मध्ये मिळाला, आनंद आहे. त्या मुलाला एक चांगला मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवायचा राहून गेला.

मागच्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला सहा चौकटी आखून दिल्या आणि सांगितलं, ‘घरून शाळेत येण्याची गोष्ट काढा, शब्द लिहायचे नाहीत.’ एका मुलीनं पहिल्या पाच चौकटींत फक्त आईचे हात काढले. पान कापणारे, तंबाखू भरणारे, वळणारे, दोरा बांधणारे, जुडी करणारे. सहाव्या चौकटीत शाळेचं फाटक. तिला क्लोज-अप हा शब्द माहीत नव्हता. मी सांगितला तर म्हणाली, ‘आस्सं असतंय व्हय.’

तर मागणं असं.

‘आनंददायी शनिवार’ शालेय शिक्षण खात्यानंच 2024 मध्ये सुरू केला आहे, वेगळा वेळ काढायची गरज नाही. महिन्यातला एक शनिवार चित्रपटाला द्या. शासनाचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला अट घाला की प्रदर्शनानंतर ठरावीक काळानं तो शाळांना विनामूल्य दाखवता येईल. मुलांना चालणारे कोणते ते शिक्षकांची समिती ठरवेल. लोकवर्गणीतून घेतलेले प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही अनेक शाळांत आहेत, वर्षातून दोनदा पाहुणे आले की चालू होतात. ते कामाला लागतील.

वर्षातून एकदा तरी मुलांना खऱ्या टॉकीजमध्ये न्या. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झाला आहे. सकाळचा खेळ, शाळेचा गट, तिकीट शंभराच्या आत, आणि त्यावरचा राज्याच्या वाट्याचा कर परत. सोलापुरातल्या उरलेल्या टॉकीजवाल्यांना रिकाम्या खुर्च्यांपेक्षा ओरडणारी पोरं नक्की परवडतील. सुरुवात कुठल्या चित्रपटानं करायची तेही सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये याच शहरात जन्मले, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, आमची मुलं त्यावरून रोज जातात. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. तो चित्रपट सोलापूरच्या शाळकरी मुलांनी सोलापुरातल्या पडद्यावर बघावा, याला कुठल्या नव्या धोरणाची गरज आहे?

आणि चित्रकलेच्या जागा. पूर्णवेळ भरता येत नसतील तर दोन-तीन शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्या, पण तो जूनमध्ये येऊ द्या आणि एप्रिलपर्यंत राहू द्या, मानधन महिन्याच्या महिन्याला. दिवाळीनंतर नेमणूक आणि फेब्रुवारीत मुदत संपली, असं करू नका. इंटरमिजिएट तोवर होऊन गेलेली असते.

आपली,
पूर्व भागातल्या एका शाळेची कलाशिक्षिका,
सोलापूर

ता. क. : शिक्षक समितीत नावं हवी असतील तर माझं घाला. शनिवारची दुपार मला मोकळी असते, शिवाय निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामांतून वगळलंत तर इतर दिवशीही येईन.